जामीन

जर्मनीला यायचंय म्हटल्यावर अप्पा म्हणाले,
"म्हंजे जर्मनच्या पातेल्याचं गाव व्हय गं ते?"
आणि फोनचा कॅमेरा वळवला
चहा उकळत होता त्या पातेल्याकडं.
बूड काळं, काठ चेपलेला,
ठिपक्याठिपक्यांनी आईचं नाव: सौ. हौसाबाई रंगराव लोहार.

नावावरूनच सुरुवात झाली.
पासपोर्टवर ज्ञानदेव, आधारवर ज्ञानू,
शाळेच्या दाखल्यावर नुसतं ग्यानू.
भाऊसिंगजी रोडवरच्या वकिलानं कागद करून दिला
की हे तिन्ही आजोबा एकच आहेत.
तीनशे रुपये.

मी इथल्या कचेरीत हमीपत्र भरलं.
यांच्या जेवणाची, आजारपणाची,
परत पाठवायच्या तिकिटाची जबाबदारी माझी.
सही करताना आठवलं,
माझ्या शिक्षणाच्या कर्जाला जामीन राहताना
अप्पांनी पेन लेथच्या टूलसारखं धरलं होतं,
बेतानं.
साहेबानं विचारलेलं, पोरीनं नाही फेडलं तर?
"तर मी हाय की."
तेवढ्यावर भागलं होतं.
मला मात्र सहा महिन्यांच्या पगाराचे कागद लागले,
आणि माझाच करार पुढच्या सप्टेंबरपर्यंतचा.
हंगामी माणसानं कायमच्या माणसाला जामीन राहायचं.

पुण्यात बोटं द्यायची होती.
काउंटरवरच्या मुलीनं आधी ओल्या कागदानं पुसली,
मग कोरड्यानं,
मग म्हणाली, काका, जरा दाबा.
काच कोरीच.
उद्यमनगरात बेचाळीस वर्षं
बिडाचा चुरा, कूलंट, पॉलिश पेपर.
"माझं ठसं पंपाच्या शाफ्टावर गेलं बघा, बाई.
सांगलीपासनं बेळगावपतूर हिरीत हाईत, काढून घ्या."
ती हसली. चौथ्या खेपेला यंत्रानं घेतले,
सहा बोटांचे.

परत येणार याचा पुरावा जोडा, अर्ज म्हणतो.
मी जोडत गेले.
उत्तरेश्वर पेठेतल्या दीड खोलीचा घरफाळा,
पेन्शन, महिना अकराशे बावन्न,
पतसंस्थेतली ठेव, अजून आईच्याच नावावर.
अप्पा म्हणाले, "येवढं कशाला? लिव की,
दुकानाची किल्ली ह्याच्याकडं असती.
सातला शटर उघडलं न्हाई तर
पोरं भाईर थांबत्यात."
हे त्यांच्या भाषेत कसं लिहायचं मला येईना.
निघताना आमच्यात जातो म्हणत नाहीत,
तेही कुठल्या रकान्यात बसेना.

बॅग आणली महाद्वार रोडवरून, चाकांची.
तिच्यात पहिल्यांदा गेला पितळेचा एक बुश,
स्वतः टर्न केलेला, तेलकट कागदात,
माझ्या कंपनीतल्या मेस्त्रीला दाखवायला.

नकार आला.
एका चौकोनात फुली. तिच्यापुढची ओळ
मी फोनवर वाचली, मराठी करत करत:
मुदत संपण्याआधी ही व्यक्ती मायदेशी परतेल
याची खात्री वाटत नाही.

अप्पा गप्प. मग,
"हे माझ्याबद्दल लिवलंय व्हय?
मला वाटलं तुझ्याबद्दल."

आणि हसले, खोकला येईपर्यंत.
मीही हसले असेन.
पडद्याच्या कोपऱ्यातल्या लहान चौकोनात
मी नीट दिसत नव्हते.

परत अर्ज करता येतो, मी म्हटलं.
"कर की. तवर बॅगेत नट-बोल्ट ठेवल्यात."
बुश तेवढा वर फळीवर, तेल लावून.

हल्ली पहाटे साडेतीनला जाग येते.
तिकडं सात.
ते शटर अर्ध्यावर एकदा अडकतं, 
मग अप्पा खांदा लावतात.
तिथं ग्रीस लावायला पाहिजे.
मागच्या दिवाळीला निघताना मी म्हटलं होतं,
आले की लावते.